शहाणी कातडी

फोन सकाळी साडेसातला आला. मी जूचंद्रच्या घरी तांदूळ निवडत होते. दादाचा आवाज ऐकला आणि ताट बाजूला सारलं. "शैला, ताई गेली," एवढंच तो म्हणाला. कुंदाताई आम्हा तिघांतली थोरली. वसईकडच्या गास गावी, आमच्या माहेरच्या घरात, स्वतःच्या खोलीत, झोपेतच गेली. कोणाला उठवलं नाही, कोणाला पाणी मागितलं नाही. या गोष्टीला आता सहा आठवडे होत आले. रडून झालं. राग मात्र उतरत नाही. तो कोणाकोणावर आहे हे एकदा नीट सांगितल्याशिवाय उतरायचाही नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

पहिला राग दादावर. त्याने पेपरात निधनाची बातमी दिली तिच्यात 'प्रेमळ, मनमिळाऊ व धार्मिक वृत्तीच्या' असं छापून आणलं. तिन्ही शब्द खोटे! ताई प्रेमळ असेलही, पण तिने ते कधी कोणाला कळू दिलं नाही. मनमिळाऊ तर ती मुळीच नव्हती. लग्नकार्यात अर्ध्या तासात कंटाळायची आणि चप्पल शोधत बाहेर पडायची. राहता राहिला धार्मिकपणा. देवघरातली फुलं ती रोज न चुकता बदलायची हे खरं, पण ते शिळ्या फुलांवर माश्या बसतात म्हणून. बातमीत पुढे 'सेवानिवृत्त शासकीय अधिकारी' असं होतं. झालं, संपली बाई! शोकसभेत तर कहरच झाला. कोणी तिच्या साधेपणावर बोललं, कोणी तिच्या हातच्या केळ्यांच्या शिकरणीवर. एक गृहस्थ गहिवरून म्हणाले, "मुक्या जनावरांवर मॅडमचं फार प्रेम होतं." मी पहिल्या रांगेत बसून दात-ओठ खात होते. दीड तासात एकाही माणसाने 'अळी' हा शब्द उच्चारला नाही. उच्चारला असता तर समोरच्या वेफर्सच्या बशा विटाळल्या असत्या बहुतेक.

माझ्या बहिणीने उभा जन्म अळ्यांमध्ये काढला. हिरवी चकचकीत माशी मेंढीच्या जखमेवर अंडी घालते, त्यांतून अळ्या निघतात आणि जिवंत मेंढीची कातडी खात सुटतात. अशा वेळी मेंढीचं अंग स्वतःहून त्या अळ्यांशी कसं लढतं, एवढा एकच प्रश्न ताईने आयुष्यभर धरून ठेवला. आणि मेंढ्यांवर तिचं प्रेमबिम काही नव्हतं. "मेंढीइतकं मूर्ख जनावर नाही गं," ती म्हणायची, "पण तिची कातडी शहाणी असते." सुतकाच्या चौथ्या दिवशी मी पाहुण्यांतून उठले, ताईच्या खोलीत गेले आणि तिची वही उघडून बसले, तेव्हा आमच्या एक चुलतवहिनी दारात येऊन म्हणाल्या, "सुतकात वह्या कसल्या चाळता, शैलावन्सं?" मी त्यांना काय उत्तर दिलं ते इथे छापण्याजोगं नाही. त्या वहीत काय होतं ते मात्र सांगणार आहे, पण त्याआधी बाकीचं सांगायला हवं.

आमची वाडी केळी आणि मोगऱ्याची, आणि वाडीपलीकडे भाताचं शेत. दिवाळी उलटली, भात कापून झाला, की देशावरून धनगर उतरायचे. त्यांची मेंढरं काही रात्री शेतात बसवायची, म्हणजे लेंड्यांचं खत आयतं पडतं, आणि त्या बदल्यात त्यांना भात द्यायचा, अशी आमच्याकडची जुनी रीत. आमच्या शेतात दरवर्षी एकच कळप यायचा, धुळाबाईचा. ताई दहा वर्षांची असताना धुळाबाई नुकती लग्न होऊन आलेली, असेल पंधरा-सोळाची. मेंढरं दिवसा चरत चरत पार अर्नाळ्याकडे जायची. तिथे किनाऱ्यावर बोंबील वाळत घातलेले, त्यामुळे माश्यांना काय तोटा! काट्याने ओरखडलेल्या, कुत्र्याने धरलेल्या मेंढीच्या अंगावर माशी बसली की दुसऱ्या दिवशी जखम वळवळायला लागायची. धुळाबाई बाभळीच्या काट्याने एकेक अळी टिपून काढायची आणि वर सीताफळीच्या पाल्याचा लगदा थापायची. आम्ही बाकीची मुलं नाकाला फडकं लावून पळायचो. ताई तिथेच उकिडवी बसायची आणि काढलेल्या अळ्या मोजायची. एका संध्याकाळी जेवताना तिने जाहीर केलं, की एका मेंढीला पहिल्यांदा किडे पडले तेव्हा अळ्या तांदळाएवढ्या होत्या, आणि काल तिसऱ्यांदा पडले तेव्हा कणीएवढ्या. "दिवस तेवढेच झालेत. मग अशा बारीक का राहिल्या?" आईने तिला ताटावरून उठवलं. त्या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरात कोणाकडे नव्हतं. पुढे ती पशुवैद्य झाली तेव्हा कळलं, की पुस्तकांतही ते धड नव्हतं.

मुंबईतल्या एका सरकारी संस्थेत तिला नोकरी लागली. संस्थेचं नाव घेत नाही; घेतलं तर तिथली आजची मंडळी मलाच पत्र पाठवून 'भावना दुखावल्या' म्हणून कळवतील. घरच्या मागच्या पडवीत तिने माश्या पाळल्या होत्या. काचेच्या बरण्या, तोंडाला मलमलचं फडकं, आत सुक्या बोंबलाचा तुकडा. तिला बघायला एकदा विरारची मंडळी येणार होती. आईने सकाळपासून बजावलं होतं, "कुंदे, माश्यांचं नाव काडशील तं खबरदार! मानसं बघायला येतात ती तुला, तुज्या बरन्यांना नाय." मुलाच्या वडिलांनी विचारलं, नोकरीत नेमकं काय करता? ताई म्हणाली, "माश्या वाढवते." मुलाला गंमत वाटली असावी, तो हसला. ताईला वाटलं, याला खरंच रस आहे, म्हणून ती आत जाऊन बरणी घेऊन आली. मंडळींनी पोहे तसेच ठेवले. पुढे हा किस्सा आमच्या नातेवाइकांत इतका रंगला, की शोकसभेच्या चहाच्या वेळीही दोघी-तिघी तोंडाला पदर लावून तोच सांगत होत्या. मला विचाराल तर त्या दिवशी त्या दिवाणखान्यात सरळ बोलणारं माणूस एकच होतं, आणि सगळ्यांनी मिळून त्यालाच वेडं ठरवलं.

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर, म्हणजे ताई पन्नाशीला आलेली असताना, तिने लहानपणचा तो कणी-तांदळाचा प्रश्न पुन्हा हातात घेतला. आमच्याच शेतात, धुळाबाईच्याच कळपात. मी तेव्हा शाळेत मराठी शिकवत होते. नाताळची सुट्टी लागली की चार दिवस माहेरी यायचे आणि तिच्या हाताखाली उभी राहायचे, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं आहे. मेंढीच्या पाठीवरची थोडी लोकर भादरायची, त्या जागी मोजून अळ्या सोडायच्या, वर फडक्याची पट्टी डकवायची. तिसऱ्या दिवशी पट्टी काढून अळ्या वेचायच्या आणि नालासोपाऱ्याच्या सोनाराकडून घेतलेल्या जुन्या काट्यावर तोलायच्या, गुंजा टाकून. मेंढीला त्रास होऊ नये म्हणून वेळ चुकवायची नाही, जखम धुऊन औषध लावायचं. मग त्या मेंढीचं थोडं रक्त काढायचं. रक्त निवलं की वर पिवळसर पाणी सुटतं, ते घ्यायचं आणि चायना ग्रासमध्ये मिसळून त्याच्या वड्या पाडायच्या. त्या वड्यांवर नव्या, कोवळ्या अळ्या सोडायच्या. जिला कधी किडे पडले नव्हते अशा मेंढीच्या रक्ताच्या वडीवर अळ्या टरारून फुगायच्या. पण तिसऱ्यांदा किडे पडून बरी झालेल्या मेंढीच्या वडीवर त्या खुरटायच्या, काही तर मरून जायच्या. मेंढीच्या अंगाला अळीची थुंकी ओळखू येते आणि ते तिच्यावर मारा करायला शिकतं, असं ताई समजावून सांगायची. सगळं ती वहीत लिहायची, आणि तेही जागेवरच, शेतात नाहीतर संस्थेच्या शेडमध्ये उभ्या उभ्या. घरी आल्यावर एक अक्षर लिहीत नसे. "घरी आलं की माणूस आठवणीतून लिहितं. आठवण लबाड असते."

हे सगळं कशासाठी, तर धनगरांची एक पिढ्यान् पिढ्यांची चूक होती. ज्या मेंढीला किडे पडले ती ते आधी विकून टाकायचे, खाटकाला. "किडल्याली मेंढी पयली काडायची," धुळाबाई सांगायची, "आवंदा किडली म्हंजी फुडल्या साली बी किडनार." ताई कपाळावर हात मारून घ्यायची. म्हणजे जिची कातडी शिकली तिलाच नेमकी विकायची, आणि कळपात ठेवायची कोण, तर जिला काहीच येत नाही ती! शेताच्या बांधावर बसून तिने धुळाबाईला हे दोन दिवस समजावलं. धुळाबाईने शांतपणे तंबाखू मळली आणि माझ्याकडे हात करून म्हणाली, "यवडी शिकल्याली हाय तर साळंत मास्तरीन म्हनून लावा की तिला, ह्या धाकल्या ताईच्या जागंव." आम्ही तिघी पोट धरधरून हसलो. पण त्या वर्षी धुळाबाईने किडलेल्या बारा मेंढ्या विकल्या नाहीत. नवऱ्याशी भांडून ठेवल्या. प्रत्येकीच्या कानात तांबड्या लोकरीचा गोंडा बांधला, चुकून कोणी बाजाराला नेऊ नये म्हणून.

दुसऱ्या वर्षी कळप परत आला आणि ताईला धक्का बसला. बाराही जणी विसरल्या होत्या. मधल्या सात-आठ महिन्यांत कातडी सगळं विसरून गेली होती, अळ्या पुन्हा तांदळाएवढ्या. ताई दोन दिवस जेवली नाही. पण तिसऱ्या दिवशी तिने पुन्हा अळ्या लावून पाहिल्या, आणि या खेपेस मेंढ्यांना शिकायला तीन खेपा लागल्या नाहीत. एकाच खेपेत त्यांना सगळं आठवलं. मला अजून दिसतं, ती बांधावरून धावत घराकडे आली होती, पन्नाशीची बाई, साडीला चिखल, हातात सोनाराचा काटा. "शैले, पाटी कोरी होत नाही गं! पुसट होते, पण कोरी होत नाही. आठवण करून द्यावी लागते." मग तिच्या डोक्यात आलं, की अळी कशाला हवी? अळीच्या थुंकीचीच लस करून हंगामाच्या सुरुवातीला टोचली तर? मेंढी न किडताच शिकेल आणि धनगराला मेंढी विकावी लागणार नाही. हे करून पाहायचं तर त्या बाराही जणी वर्षभर डोळ्यांसमोर हव्या होत्या. म्हणून संस्थेने त्या धुळाबाईकडून घेतल्या. देताना धुळाबाईने एकच अट घातली, "ताई, खाटकाला द्याच्या न्हाईत." ताईने तिच्या हातावर हात ठेवून शब्द दिला.

आता माझा दुसरा राग. तो त्या संस्थेच्या साहेबांवर. एकदा हे साहेब दोन पाहुण्यांना घेऊन शेड बघायला आले. नाकाला रुमाल, पाच मिनिटं. "अळ्यांचं एवढं काय मॅडम? बाजारात औषध मिळतं, फवारलं की झालं." ताई म्हणाली, औषधाला माश्या सरावतात, शिवाय रानात फिरणाऱ्या धनगराने ते कुठून आणायचं? साहेब म्हणाले, बरोबर आहे, बरोबर आहे, आणि शीतपेय प्यायला निघून गेले. तिने मेंढ्यांना आकडे न देता धुळाबाईने ठेवलेली नावंच वहीत लिहिली होती, काजळी, चांदी, बोडकी, खारवी, त्यावरून मात्र तिला लेखी विचारणा झाली. कामाचा अर्थ कोणी विचारला नाही.

लस टोचून झाली. अळ्या लावून, काढून, तोलूनही झाल्या. त्या पुन्हा कणीएवढ्याच निघाल्या होत्या. ताईला रात्री झोप लागेना. आता फक्त रक्त काढायचं राहिलं होतं. पहिल्या वर्षीचं पहिलं, दुसऱ्या वर्षीचं दुसरं आणि लशीनंतरचं हे तिसरं. या तिसऱ्या रक्ताच्या वडीवर अळ्या मेल्या की मेंढीला शिकवलं ते लशीनेच, हे सिद्ध होणार होतं. चार-पाच दिवसांत काढायला हवं होतं, उशीर झाला की त्याची धार उतरते. आणि नेमकी तेव्हा आमची आई गेली.

इथे मला तिसरा राग येतो, आणि तो रीतीवर. मी लग्न होऊन सासरी गेलेली, म्हणून मला आईचं सुतक तीन दिवसांचं. ताई बिनलग्नाची, म्हणून तिला पुरते दहा. ज्या मुलीने वीस वर्षं आईचं सगळं केलं तिला घरात बसवायचं, आणि सणावाराला येणारी मी मोकळी! ताईला हे पटत नव्हतं, पण दादा आणि भावकी यांच्यापुढे ती आईच्या बाबतीत वाद घालायला तयार नव्हती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी जायला निघाले तेव्हा तिने मला मागच्या पडवीत बोलावलं आणि हातात चिठ्ठी दिली. उघडीच होती. 'बाराही मेंढ्यांचं रक्त उद्याच काढून फ्रिजमध्ये ठेवावं. मी येईपर्यंत एकही मेंढी शेडबाहेर जाऊ देऊ नये.' "तू मोकळी आहेस," ती म्हणाली, "उद्या एवढी शेडवर नेऊन दे. फोनवर ते ऐकत नाहीत, सहीचा कागद लागतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईची राख अजून गार झाली नव्हती आणि हिला मेंढ्या सुचतात! मी चिठ्ठी पर्समध्ये टाकली. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. मुंबईला जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडणार होता, आणि खरं सांगायचं तर मला जायचंच नव्हतं. तिला जरा शिक्षा व्हावी असंही वाटलं असेल. मनात म्हटलं, मेंढ्या कुठे पळून जातात? जाऊ दोन दिवसांनी. दोन दिवसांनी वार्षिक परीक्षेच्या प्रश्नपत्रिका काढायच्या होत्या...

मार्च महिना होता. संस्थेत मार्चअखेरीची आवराआवर चालली होती. निरुपयोगी जनावरं काढून टाका असा वरून हुकूम आला आणि साहेबांनी शेडवर सांगितलं, ज्यांच्या अंगावर जखमांचे व्रण जास्त, त्या आधी काढा. व्रण कोणाच्या अंगावर असणार? काजळीच्या, चांदीच्या, बोडकीच्या. लिलाव झाला, बाराही जणी खाटकाच्या टेम्पोत चढल्या. कानातल्या गोंड्यांसकट. अडाणी म्हणून ज्यांना आपण नावं ठेवतो त्या बाईने नवऱ्याशी भांडून ज्या मेंढ्या राखल्या, त्या पदव्यांच्या पाट्या लावलेल्या माणसांनी एका दुपारी विकून टाकल्या, आणि धनगरांचीच चूक करून विकल्या! सुतक फिटून तेरावा झाल्यावर ताई कामावर गेली तेव्हा शेड फिनेलने धुऊन स्वच्छ केलेली होती. साहेब तिला म्हणाले, "मॅडम, तुम्ही दुःखात होता, म्हणून तुम्हाला त्रास दिला नाही." हे वाक्य मी कधी विसरणार नाही.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम गासला गेले होते. ताई संस्थेतून येऊन पायरीवर बसली होती, चपला पायात तशाच. मेंढ्या गेल्या, ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "चिठ्ठी दिली होतीस ना?"

"दिली," मी म्हटलं.

तिने पायातल्या चपला काढल्या. मग म्हणाली, "मग त्यांनी वाचली नसेल." आणि उठून पाय धुवायला गेली.

हो, मी खोटं बोलले. साहेबांनी त्या चिठ्ठीला भीक घातली असती की नसती, देव जाणे. पण शेडवरचा माणूस ताईला मानणारा होता, सहीचा कागद हातात असता तर त्याने निदान बारा कुप्या रक्त काढून ठेवलं असतं. बारा कुप्या पुरेशा होत्या.

पुढच्या दिवाळीनंतर धुळाबाई आली. शेतात उतरल्या उतरल्या तिने एकेकीचं नाव घेऊन विचारलं, काजळी कशी हाय, बोडकी व्याली का? मी तिथेच उभी होते. ताई म्हणाली, "धुळाबाई, मला राखता आल्या नाहीत. चूक माझी आहे." धुळाबाईने हातातली काठी जमिनीत रोवली. "आमी आडानी, आमी इकतो," ती म्हणाली. "तुमी तर शिकल्याली मानसं, ताई." तिचा आवाज चढला नव्हता. ताईने मान खाली घातली, आणि मी, जी वर्गात खोटं बोलणाऱ्या मुलाला दिवसभर उभं करायची, ती मूग गिळून तशीच उभी राहिले. तेव्हा बोलले असते तर ताईची मान तरी वर राहिली असती.

ताईने संस्थेकडे पुन्हा बारा मेंढ्या मागितल्या. ती फाईल ती निवृत्त होईपर्यंत या टेबलावरून त्या टेबलावर हिंडत होती. परदेशात त्याच वाटेने माणसं चालली आहेत असं ती वाचून सांगायची, असूया न ठेवता. मग दादाने शेत विकलं, तिथे सात मजले उभे राहिले, मेंढरं बसवायला जमीनच उरली नाही. धुळाबाई शेवटची आली तेव्हा तिला बिल्डिंगच्या वॉचमनने हटकून परत पाठवलं. आम्हाला हे दोन दिवसांनी कळलं. त्या दिवशी मात्र ताई रडली. मेंढ्यांसाठी रडली नव्हती.

आता ती वही. सुतकाच्या चौथ्या दिवशी मी उठले ती यासाठी, की आईच्या वेळच्या चौथ्या दिवसाचं माझ्याकडे एक जुनं देणं होतं. ताईच्या खोलीत टेबलावर सोनाराचा काटा तसाच आहे, पारड्यात तीन गुंजा. शेजारी लाल पुठ्ठ्याची लांबट वही. बारा नावं, प्रत्येक नावापुढे तीन रकाने. पहिल्या दोन रकान्यांत तिचं ते बारीक, उभं अक्षर. तिसरा वरपासून खालपर्यंत कोरा. त्याच्या तळाशी तारीख, सुतकानंतर ती कामावर गेली त्याच दिवसाची, आणि दोन ओळी: 'तिसरं रक्त घेता आलं नाही. शेडवर विचारलं. चिठ्ठी पोहोचली नाही.'

वही ती जागेवरच लिहायची. घरी आल्यावर एक अक्षर नाही. म्हणजे त्या संध्याकाळी पायरीवर बसून तिने मला विचारलं तेव्हा तिला सगळं माहीत होतं. बोलायला मला जागा करून दिली होती तिने. मी खोटं बोलले, तर तेही तिने उचलून त्या साहेबांच्या माथ्यावर ठेवलं आणि पाय धुवायला गेली. नंतरची सगळी वर्षं ती माझ्याकडे दिवाळीला आली, माझ्या मुलांना गणित शिकवलं, माझ्या आजारपणात तीन आठवडे राहिली. एकदाही, चुकूनसुद्धा, तो विषय काढला नाही. वहीतही माझं नाव लिहिलं नाही.

तेव्हा शेवटचा राग ताईवर. सगळ्यात मोठाही तोच. कोणी दिला होता तुला एवढा मोठेपणा? एकदा तरी ओरडायचं होतंस माझ्यावर. जगाला खरं तेच सांगायचीस, समोर पोहे आणि पाहुणे असले तरी सांगायचीस, मग माझ्यापुरतीच अशी का गप्प बसलीस?

ती चिठ्ठी मी टाकून दिलेली नव्हती. जुन्या पर्सच्या आतल्या कप्प्यात ती इतकी वर्षं पडून होती, घडीवर पिवळी पडलेली. परवा गासला गेले, ताईच्या खोलीत तिच्या खुर्चीवर बसले आणि चिठ्ठी त्या पानाला टाचली. दादा दारात उभा राहून बघत होता. मग तिच्याच पेनने, त्या दोन ओळींच्या खाली, मी माझं नाव लिहिलं. घरी नेऊन नाही लिहिलं. तिथेच, जागेवर लिहिलं.